नाव ठेवणारे आणि नावे ठेवणारे

मराठी भाषा मोठी गमतीची आहे. 'नाव ठेवणे' म्हणजे बारसे करणे आणि 'नावे ठेवणे' म्हणजे उणे काढणे. दोहोंत फरक अवघ्या एका मात्रेचा! पण या एका मात्रेने माणसांचे दोन तट कसे पडतात हे पाहायचे असेल, तर चार माणसांत कुत्र्याचा विषय काढून पाहावा. २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात तो आमच्या कॅन्टीनमध्ये निघाला आणि चहा गार होऊन वर साय धरली तरी संपला नाही. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्टला दिल्ली आणि परिसरातील भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा असे सांगितले. २२ ऑगस्टला त्या आदेशात बदल करून, नसबंदी व लसीकरण झालेली कुत्री पिसाळलेली वा आक्रमक नसतील तर पुन्हा त्यांच्या जागी सोडा असे सांगितले. या दोन तारखांच्या मध्ये आमच्या वर्गाचे दोन तुकडे झाले. एका बाजूला कुत्र्यांची नावे ठेवणारे, दुसऱ्या बाजूला कुत्र्यांना नावे ठेवणारे!

दोन्हीकडची भाषणे ऐकताना मला वाटू लागले की यांपैकी कोणालाच कुत्रा पाळायचा नाही. एका पक्षाला लाड करायचे आहेत, दुसऱ्याला तक्रार करायची आहे. पाळणे ही तिसरीच गोष्ट आहे. हा शब्दच पाहा ना. आपण वचन पाळतो, पथ्य पाळतो, वेळ पाळतो. आणि कुत्राही पाळतो. ज्या क्रियापदाने दिलेला शब्द राखायचा, त्याच क्रियापदाने आपल्या पूर्वजांनी जनावरही राखायला सांगितले. या लेखात मला जे म्हणायचे आहे ते एवढेच की, नाव ठेवणे सोपे आहे, नावे ठेवणे त्याहून सोपे आहे. पाळणे अवघड आहे, आणि आज आपल्याकडे वाण आहे ती पाळणाऱ्यांची.

प्रथम नावांविषयी, कारण कुत्र्याच्या संसाराला सुरुवात तिथूनच होते.

आमच्या माणदेशी भागात कुत्र्यांची नावे जवळजवळ ठरलेली. मोत्या, वाघ्या, खंड्या, राजा, काळ्या, लाल्या. निम्मी नावे रंगावरून आलेली. मोत्या पांढरा असावा असा संकेत आहे; पण मी कोळशासारखा काळाकुळकुळीत मोत्याही पाहिलेला आहे आणि त्याला त्याचे काही वाटत नसे. वाघ्या हे नाव थेट खंडोबाच्या घरातले. खंडोबाला वाहिलेल्या भक्तालाही वाघ्या म्हणतात आणि दारातल्या कुत्र्यालाही. पुढे साहेबाचे राज्य आले, त्याच्याबरोबर टॉमी, जॅक, टायगर आले. साहेब गेला, टॉमी राहिला. आता रॉकी, ब्रूनो, सिंबा यांचे दिवस आहेत. गंमत अशी की, मालक घरात सगळ्यांशी मराठीत बोलतो आणि कुत्र्याशी मात्र 'सिट', 'कम', 'गो' असे इंग्रजी झाडतो. आमच्या वर्गात इंग्रजीच्या तासाला ज्यांची बोबडी वळते तेही कुत्र्याशी अस्खलित इंग्रजी बोलताना मी पाहिले आहेत. कारण उघड आहे. कुत्रा व्याकरणाच्या चुका काढत नाही!

वास्तविक कुत्र्याला ना मराठी कळते ना इंग्रजी. त्याला आवाज कळतो, आवाजातला सूर कळतो आणि तो आवाज ऐकल्यावर पुढे काय होते ते लक्षात राहते. म्हणून नाव आखूड असावे, शक्यतो दोन अक्षरी. लांबून हाक मारली तरी स्पष्ट ऐकू जावे. रोजच्या हुकमाशी त्याचा उच्चार जुळता नसावा. कुत्र्याचे नाव 'निको' ठेवले आणि त्याला 'नको, नको' म्हणून ओरडले, तर तो बिचारा शेपूट हलवीत जवळ येणारच. घरातल्या सर्वांनी एकच नाव वापरावे. आजी म्हणते बाळ्या, दादा म्हणतो रॉकी, वडील म्हणतात 'ए', असे झाले की कुत्रा कोणाचेच ऐकत नाही आणि सगळे मिळून त्याला मठ्ठ ठरवतात. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नाव घेऊन मारू नये. ज्या नावाने भाकरी मिळते त्याच नावाने काठी मिळू लागली, की त्या नावावरचा कुत्र्याचा विश्वास उडतो आणि मग हाक मारली की तो यायचा थांबतो.

नावाच्या बाबतीत कुत्रीची स्थिती तर फारच वाईट. नर असेल तर राजा, वाघ, शेर. मादी असेल तर बहुधा नुसतीच 'कुत्री'. फार तर चिंगी नाही तर राणी. आपल्या भाषेत 'कुत्रा' ही शिवी आहे आणि 'कुत्री' ही त्याहून जहाल शिवी आहे. ज्या जीवाचे नावच शिवीसाठी वापरायचे, त्याला वेगळे नाव तरी कशाला ठेवील कोणी? या मुद्द्याकडे मी पुढे पुन्हा येणार आहे, कारण तो नुसता नावाचा मुद्दा नाही.

नावाला आपण जितके महत्त्व देतो तितके आपल्या जुन्या कथांनी दिलेले दिसत नाही. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात युधिष्ठिराबरोबर शेवटपर्यंत एक कुत्रा चालतो. भाऊ पडले, द्रौपदी पडली, कुत्रा मात्र बरोबर राहिला. इंद्राने रथ आणला आणि कुत्र्याला सोडून चल म्हणून सांगितले, तेव्हा धर्मराजाने स्वर्ग नाकारला. आश्रयाला आलेल्याला टाकणार नाही म्हणाला. पुढे तो कुत्रा म्हणजे साक्षात धर्मच होता असे उघडकीस येते. घोड्यांची, धनुष्यांची, शंखांचीसुद्धा नावे सांगणाऱ्या त्या महाग्रंथात या कुत्र्याला नाव नाही! भाकरी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट आपण शाळेपासून ऐकत आलो. त्या कुत्र्याचेही नाव कोणाला ठाऊक नाही. युधिष्ठिराने नाव ठेवले नाही, पण सोडलेही नाही. आपण नाव ठेवतो आणि सोडतो. फरक आहे तो इथे.

आता उलट बाजूचे उदाहरण. मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात 'झंजीर' नावाचा एक लॅब्राडोर होता. हेच नाव १९७३ सालच्या एका गाजलेल्या हिंदी चित्रपटाचे. मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांनंतर त्याने ३,००० किलोंहून अधिक आरडीएक्स आणि कितीतरी हातबॉम्ब हुंगून शोधून काढले. २००० साली हाडाच्या कर्करोगाने तो गेला तेव्हा पोलीस खात्याने त्याला मानाने निरोप दिला. कर्तृत्व झंजीरचे खरेच. पण त्याच्यामागे त्याला शिकवणारा माणूस होता, वेळेवर खाणे होते, आजारात डॉक्टर होता. हे जर नसते, तर रस्त्यावर झंजीर नावाची कुत्री काय थोडी आहेत?

आता ज्या प्रसंगाने मला हा लेख लिहावासा वाटला तो सांगते. आमच्या गल्लीत एक तांबडा कुत्रा होता. किराणा दुकानवाले त्याला लाल्या म्हणत, पिठाच्या गिरणीपाशी तो राजा होता, शाळेच्या पोरांनी त्याचे नाव शेरू ठेवले होते. तिन्ही ठिकाणी त्याला खायला मिळे आणि तिन्ही नावांना तो ओ देई. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी घरी असताना या कुत्र्याने सहा-सात वर्षांच्या एका मुलाच्या पोटरीला कडकडून चावा घेतला. पोर रडत होते, त्याची आई ऊर बडवत होती. गर्दी जमली. कोणीतरी विचारले, "कुणाचं हाय रं हे कुत्रं?" आणि इतकी माणसे असून तिथे एकदम शांतता पसरली. दुकानवाले म्हणाले, "आमचं न्हाई, नुसतं दारात बसतंय." गिरणीवाले म्हणाले, "आमी कशाला पाळतोय?" तीन नावांच्या त्या कुत्र्याला मालक एकही निघाला नाही. मग चार तरण्या पोरांनी काठ्या घेतल्या आणि दहा मिनिटांत लाल्या, राजा आणि शेरू तिघेही एकदमच मेले.

मुलाच्या जखमेवर कोणी चुना लावा म्हणाले, कोणी तिखट भरा म्हणाले. एका म्हाताऱ्याने शेजारच्या गावच्या मांत्रिकाचे नाव सुचवले. सुदैवाने आमच्या गल्लीतल्या आशाताई तेवढ्यात आल्या. त्यांनी सगळ्यांना बाजूला सारले, नळाच्या धारेखाली पोराचा पाय धरला आणि घड्याळ लावून पंधरा मिनिटे साबणाने जखम धुतली. मग त्याला सरकारी दवाखान्यात नेले. त्याची सगळी इंजेक्शने पूर्ण झाली आणि पोर आज हिंडते-फिरते आहे. पण त्या दिवशी कुत्रा मारून गावाने काय मिळवले, याचा विचार कोणी केला नाही. तो केला पाहिजे, म्हणून थोडे शास्त्र सांगते.

कुत्रा पिसाळतो तो रेबीज नावाच्या विषाणूमुळे. हा विषाणू लाळेतून जखमेत जातो आणि मज्जातंतूंच्या वाटेने मेंदूकडे सरकतो. बहुधा एक ते तीन महिने लागतात, कधी त्याहून अधिक. त्या अवधीत लस घेतली तर माणूस वाचतो. एकदा लक्षणे दिसू लागली, पाण्याची भीती वाटू लागली, की मग उपाय जवळजवळ नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे दरवर्षी जगात सुमारे ५९,००० माणसे या रोगाने मरतात, त्यांतला तिसरा हिस्सा भारतातला. आणि मरणाऱ्यांत शेकडा चाळीस पंधरा वर्षांखालची मुले. माणसाला होणारा रेबीज शंभरात नव्याण्णव वेळा कुत्र्याकडून येतो. म्हणजे हा रोग मुलांचा, आणि तो अडवायची जागा कुत्रा ही आहे.

लस काही आजची नाही. फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला ती प्रथम टोचली. आपल्याकडे १९०० साली कसौलीला आणि १९०७ साली कुन्नूरला पाश्चर संस्था निघाल्या. पुढे कसौलीलाच मेंढीच्या मेंदूपासून लस तयार होऊ लागली, तीच ती पोटातली चौदा इंजेक्शने. आमच्या आजीच्या पिढीला कुत्र्यापेक्षा त्या इंजेक्शनांची धास्ती अधिक होती. ती लस भारतात २००५ पासून वापरात नाही. आता दंडाच्या कातडीत शून्याव्या, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी (पहिल्या डोसचा दिवस शून्य धरून) लस टोचतात; पहिला डोस मात्र लगेच, चावल्याच्याच दिवशी. जखम खोल असेल तर जखमेतच वेगळे सीरमही देतात. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत असते. तरीही चुना आणि तिखट आपल्या घरातून गेलेले नाही, हे आपल्या शिक्षणाचे अपयश म्हणावे लागेल.

आता त्या मारलेल्या कुत्र्याकडे येऊ. चावलेला कुत्रा दहा दिवस बांधून नजरेखाली ठेवला आणि तो धडधाकट राहिला, तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असे डॉक्टर खात्रीने सांगू शकतात. लस थांबायची नाही, ती लगेच सुरू करायचीच. पण दहा दिवसांनी त्या आईच्या जीवाला स्वस्थता मिळू शकते. आमच्या गावाने साक्षीदारच मारून टाकला. त्या मुलाच्या आईने तो सबंध महिना, पोराने पाण्याचा तांब्या उचलला की त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत काढला. त्या कुत्र्याला एक तरी मालक असता, तर त्याला लस मिळाली असती, तो बांधला गेला असता आणि ही बाई महिनाभर सुखाने झोपली असती. म्हणून मी म्हणते की, मालकी हा हौसेचा प्रश्न नाही. तो शेजाऱ्याच्या पोराच्या जिवाचा प्रश्न आहे.

यावर नेहमीचा आक्षेप असा की, "माणसांना औषध मिळत नाही आणि तुम्ही कुत्र्यांची काय थोरवी सांगता? ही श्रीमंतांची थेरं आहेत." आक्षेप घेणाऱ्यांना मला आमच्या घरी न्यावेसे वाटते. माझी आई शेतमजुरी करते, जोडीला चार शेळ्या आहेत. आमच्या भागात लांडगा फिरतो. शेळ्या राखायला म्हणून तिने एक कुत्री पाळली. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून शेळीचे ठेवतात तसे तिचे नाव ठेवले, चांदी. चांदीच्या वर्षाच्या रेबीजच्या लशीला आईची एका दिवसाची खुरपणीची मजुरी लागते. ती मजुरी आई देते, कारण शेळी गेली तर किती दिवसांची मजुरी जाते हे तिला ठाऊक आहे. आमच्याकडच्या धनगरांना विचारा, कुत्रा ही चैन आहे का म्हणून. ते हसतील.

चांदीला पहिल्यांदा तालुक्याच्या ठिकाणी जनावरांच्या दवाखान्यात नेले तेव्हा तिथल्या माणसाने, "म्हशीचं सोडून कुत्र्यासाठी आलाय व्हय?" असे विचारले. गाई-म्हशींच्या रांगेत आई कुत्रीला पदराखाली घेऊन बसली. लस टोचल्यावर एक कार्ड मिळाले. त्यावर दोन जागा रिकाम्या होत्या. जनावराचे नाव, मालकाचे नाव. आईला लिहिता येत नाही, म्हणून मी लिहिले. पहिल्या जागी 'चांदी' आणि दुसऱ्या जागी आईचे नाव. आमचा सातबारा आजोबांच्या नावावर आहे, घर वडिलांच्या नावावर आहे. आई एखाद्या गोष्टीची मालक आहे असे सांगणारा आमच्या घरातला हा पहिलाच कागद! तिने ते कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्या बारावीच्या गुणपत्रिकेबरोबर पेटीत ठेवले आहे.

पाळणाऱ्याने काय करावे, हे आता थोडक्यात सांगते. पिलू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की पहिली लस द्यावी, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढच्या. यातल्या 'पार्व्हो'ला फार जपावे. १९७८ च्या सुमारास हा रोग जगात पसरला. त्यात पिलाला उलट्या होतात, रक्ताची हगवण लागते आणि दोन-तीन दिवसांत पिलू हातचे जाते. गावात 'पिलाला नजर लागली' म्हणतात ती पुष्कळदा हीच नजर असते. तीन महिन्यांनंतर रेबीजची लस, पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे बहुधा दरवर्षी. जंताचे औषध वेळच्या वेळी द्यावे, कारण कुत्र्याचे काही जंत अंगणात खेळणाऱ्या पोरांच्याही पोटात जातात. गोचीड हाताने उपटून टाकण्यापुरती क्षुल्लक नाही. तिच्यामुळे कुत्र्याला ताप येतो आणि अंगातले रक्त कमी होते. आपल्याकडे लूत भरली की गाडीचे जळके ऑइल फासतात, गोचिडीवर रॉकेल ओततात. कुत्रा ते चाटतो आणि विष पोटात जाते. लुतीवर आता साध्या गोळ्या आणि औषधे मिळतात. कुत्र्याचे अंग हाताला गरम लागते म्हणून घाबरू नये. त्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट, म्हणजे आपल्याहून अधिक असते. मात्र ताप वाटला म्हणून माणसाची अंगदुखीची गोळी त्याला देऊ नये. ती त्याला बाधते, प्रसंगी जीव घेते.

खाण्याच्या बाबतीतही असेच. भाकरीबरोबर अंडे, मटणाचे बिनहाडाचे तुकडे उत्तम. दूध पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना पचत नाही. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट हे त्याला विषासमान. शिजवलेल्या कोंबडीची हाडे फुटून अणकुचीदार होतात आणि आतड्यात रुततात. आणि बिस्किट? कॅन्टीनसमोर कुत्र्याला गोड बिस्किटांचा पुडा फोडून घालणारे आणि त्याचा फोटो काढणारे माझे मित्र मला क्षमा करोत. पण त्या पुड्याने कुत्र्याचे पोट भरत नाही, आपले मन भरते.

आता मघाशी राहिलेला मुद्दा, कुत्रीचा. पिले वाटताना नर आधी उचलले जातात. मादी कोणी नेत नाही. 'उद्या व्याली तर काय करायचं?' हा प्रश्न. कुत्री सुमारे ६३ दिवसांनी विते, वर्षातून दोनदाही विते. मग नको असलेल्या माद्या पोत्यात घालून बाजारच्या दिवशी वेशीबाहेर किंवा ओढ्याकाठी सोडल्या जातात. मुलगी नको म्हणणारा समाज कुत्रीच्या बाबतीत वेगळा कसा वागेल? आणि याच सोडलेल्या माद्यांची पिले म्हणजे आपण ज्यांना 'भटकी' म्हणून नावे ठेवतो ती कुत्री. ती आभाळातून पडलेली नाहीत, कोणाच्या तरी दारातून निघालेली आहेत. यावर शहाणपणाचा उपाय एकच, नसबंदीचे ऑपरेशन. त्याने पिले थांबतात आणि पुढे होणारा गर्भाशयाचा आजारही टळतो. चांदीचे ऑपरेशन झाले तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "पाप लागतंय गं." पोत्याचे पाप कोणाला लागते, हे मात्र त्यांनी सांगितले नाही.

मारून हा प्रश्न सुटत नाही, हे आपल्याला फार पूर्वीच कळायला हवे होते. १८३२ च्या जून महिन्यात मुंबईत इंग्रजांनी भटकी कुत्री मारायला काढली, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि दंगल झाली. पुढे विसाव्या शतकातही मुंबईत कितीतरी वर्षे कुत्री मारण्याचे काम चालले. कुत्री काही संपली नाहीत. शेवटी २००१ साली केंद्र सरकारने मारण्याऐवजी नसबंदी व लसीकरणाचे नियम केले, ते २०२३ साली नव्याने आले. नियम कागदावर राहिले तिथे प्रश्न तसाच राहिला. पण आपल्या शेजारच्या गोव्यात काय झाले पाहा. तिथे २०१३ पासून 'मिशन रेबीज' ही संस्था आणि सरकार यांनी मिळून गल्लोगल्ली कुत्र्यांना लस टोचली. दर दहांतल्या सात कुत्र्यांपर्यंत लस पोचवायची, असा हिशोब होता. २०२१ साली सरकारने जाहीर केले की, सलग तीन वर्षे राज्यात रेबीजने एकही माणूस मेला नाही. गोव्याची कुत्री काही वेगळ्या जातीची नाहीत.

आता आपल्याविषयी. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, बसस्थानके अशा आवारांतील भटकी कुत्री हलवून, नसबंदी व लसीकरण करून निवाऱ्यात ठेवावीत असे सांगितले. पुन्हा आमच्या वर्गात एक बाजू रडली आणि दुसऱ्या बाजूने टाळ्या पिटल्या. रडणाऱ्यांना माझा प्रश्न आहे, जिच्यासाठी तुम्ही डोळे पुसता, तिला घरी न्यायला तुमच्यापैकी किती तयार आहेत? टाळ्या पिटणाऱ्यांनाही विचारते, तुमच्या वाड्यातल्या, मळ्यातल्या कुत्र्याला लस दिली आहे का? शहरातला निवारा भरेल तेव्हा भरेल, तोवर गावोगावच्या लाल्या-राजांचे काय?

मला एक साधी गोष्ट सुचवायची आहे. आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी एखाद्या गावात जाते. आपण रस्ता झाडतो, शोषखड्डा खणतो, पथनाट्य करतो. एका शिबिरात एक दिवस या कामाला द्यावा. घरोघर जाऊन एका वहीत कुत्र्याचे नाव, मालकाचे नाव आणि लशीची तारीख लिहावी. ज्याचा मालक सांगता येत नाही त्याच्यापुढची जागा रिकामी सोडावी आणि ती वही ग्रामसभेत वाचून दाखवावी. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलावून त्याच दिवशी लस द्यावी. २८ सप्टेंबर हा पाश्चर यांचा स्मृतिदिन जागतिक रेबीज दिन म्हणून पाळतात. निमित्तच हवे असेल तर तेही आहे. प्राध्यापकांपैकी कोणी हे मनावर घेतील तर विद्यार्थी कमी पडणार नाहीत, अशी मला आशा आहे.

मित्रांनो, कुत्र्यावर प्रेम करा असे मी कोणाला सांगत नाही. प्रेम सांगून होत नाही, आणि ज्याला कुत्र्याची भीती वाटते त्याची भीतीही खोटी नसते. माझी मागणी प्रेमाहून लहान आहे. ज्याला आपण नाव ठेवले, त्याच्या कार्डावरच्या दुसऱ्या जागीही आपले नाव लिहावे. पहिली जागा भरणारे आपल्या गावात पुष्कळ आहेत. दुसरी जागा भरणारा घरटी एक जरी निघाला, तरी 'कुणाचं हाय रं हे कुत्रं?' या प्रश्नाला उत्तर मिळेल, आणि कुठल्याही आईला पोराने पाण्याचा तांब्या उचलताच श्वास रोखून बघत बसावे लागणार नाही.

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष, कला शाखा